पारदर्शिकांचे अंकीकरण व रंगांचे अंशशोधन : भोर-वेल्ह्याच्या क्षेत्रचित्रांच्या निमित्ताने

भोरहून महाडकडे जाणारा रस्ता निरेच्या खोऱ्यातून चढत चढत वरंधा घाटाच्या माथ्यावर येतो, तेव्हा सभोवतालच्या कड्यांत बेसाल्टचे थर पायऱ्यांसारखे एकावर एक रचलेले दिसू लागतात. सुमारे ६·६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाप्रवाहांचे हे थर होत. दख्खनच्या बेसाल्टचे वर्गीकरण करताना भूशास्त्रज्ञांनी पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर ही जी नावे योजिली, ती याच परिसरातून घेतलेली आहेत. सह्याद्रीच्या घाटांत दोन प्रवाहांच्या मध्ये जेथे पुरेसा काळ लोटला, तेथे पुष्कळदा तांबड्या, मातकट द्रव्याचा एक पट्टा आढळतो. भूशास्त्रज्ञ त्यास 'रेड बोल' म्हणतात. इकडे भोरच्या दक्षिणेस रायरेश्वराच्या पठारावर सात रंगांची माती सापडते, अशी लोकांत प्रसिद्धी आहे. रंग नेमके सात की पाच, हा प्रश्न बाजूस ठेवला तरी रंगांतील भेद खरा आहे, आणि त्यास कारणही आहे. लोहाचे ऑक्साइड हेमॅटाइटच्या रूपात असले म्हणजे माती तांबडी दिसते, गोएथाइटच्या रूपात असले म्हणजे पिवळसर-तपकिरी दिसते. कोणते खनिज किती, यावरून त्या ठिकाणचा ओलावा, निचरा व झीज यांविषयी काही अनुमान करता येते. तात्पर्य, येथे रंग हा शोभेचा विषय नसून पुराव्याचा विषय आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशा पुराव्याची नोंद बहुधा रंगीत पारदर्शिकेवर, म्हणजे स्लाइडवर, होत असे. भूशास्त्राच्या, भूगोलाच्या, पुरातत्त्वाच्या विभागांतील कपाटांत अशा पारदर्शिकांच्या पेट्या आजही आहेत. त्यांचे अंकीकरण आता ठिकठिकाणी हाती घेतले जात आहे आणि ते योग्यच आहे. परंतु एकदा चित्र संगणकाच्या पडद्यावर आले की अभ्यासक त्यातील तांबडा रंग हा खडकाचाच रंग आहे असे समजून चालू लागतो. वास्तविक तो रंग खडकाचा आहे, फिल्मचा आहे, की स्कॅनरचा आहे, हे प्रथम ठरवावयास हवे. भोर-वेल्ह्याच्या बाबतीत या प्रश्नास विशेष धार आहे. निरा-देवघर धरणाचे पाणी २००० च्या सुमारास अडले आणि निरेच्या वरच्या खोऱ्याचा तळ जलाशयाखाली गेला. शासनाने ज्यास आता राजगड हे नाव दिले आहे त्या वेल्हे तालुक्यात पुढे गुंजवणी धरण झाले. त्या तळांवरील उघडे खडक, नदीच्या दरडी, शेतांची माती यांची तत्पूर्वीची पारदर्शिका कोणाजवळ असेल, तर तीच त्यांची एकमेव रंगीत साक्ष होय. ती साक्ष किती विश्वासार्ह मानावी, हे अंशशोधनाच्या स्वरूपावर अवलंबून आहे.

खडकापासून पडद्यापर्यंत रंगाचा प्रवास तीन टप्प्यांनी होतो. पहिला टप्पा खडकापासून नुकत्याच विकसित केलेल्या फिल्मपर्यंतचा, दुसरा त्या ताज्या फिल्मपासून आजच्या, तीस-चाळीस वर्षे पेटीत राहिलेल्या फिल्मपर्यंतचा, आणि तिसरा आजच्या फिल्मपासून अंकीय प्रतिमेपर्यंतचा. स्कॅनरचे वर्ण-अंशशोधन यांपैकी केवळ तिसऱ्या टप्प्याची हमी देते. ही गोष्ट साधी आहे. पण तिचे विस्मरण इतके सार्वत्रिक आहे की प्रत्येक टप्प्याचा स्वतंत्रपणे विचार करणे भाग आहे.

पारदर्शिकेत रंगीत प्रतिमा तीन रंजकद्रव्यांनी बनते : निळसर-हिरवे, किरमिजी आणि पिवळे. पहिले तांबडा प्रकाश शोषते, दुसरे हिरवा, तिसरे निळा. पायसाचे तीन थर एकमेकांवर असतात, आणि दृश्यातून आलेला प्रकाश प्रत्येक थरात किती पोचला त्याच्या व्यस्त प्रमाणात तेथे रंजक तयार होते. म्हणून जेथे प्रकाश मुळीच पोचला नाही तेथे तिन्ही रंजके पूर्ण प्रमाणात असतात व फिल्म काळी दिसते. या काळेपणाचे माप प्रकाशीय घनता या राशीने देतात. फिल्ममधून प्रकाशाचा दहावा भाग पार झाला तर घनता १, शंभरावा झाला तर २, हजारावा झाला तर ३. चांगल्या पारदर्शिकेची कमाल घनता ३·६ च्या आसपास जाते, म्हणजे तेथून सुमारे चार हजारांत एक भाग एवढाच प्रकाश बाहेर येतो. कागदावरील छायाचित्रात एवढी विस्तृत श्रेणी कधीच नसते. यावरून स्कॅनरवर पडणाऱ्या भाराची कल्पना येईल. ज्या स्कॅनरची मोजणी १२ बिटांची, म्हणजे ४०९६ पायऱ्यांची आहे, त्याच्या सरळ प्रमाणातील मोजणीत सर्वांत गडद सावलीच्या वाट्यास जेमतेम एक पायरी येते, आणि ती यंत्राच्या स्वतःच्या गोंगाटात बुडून जाते. १६ बिटांत तेथे सोळा पायऱ्या मिळतात. राजगड किंवा तोरण्याच्या कड्यांची चित्रे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांस ठाऊकच आहे की काळा बेसाल्ट आणि त्याची सावली यांतच निम्मे चित्र सामावलेले असते. तेव्हा हा केवळ आकड्यांचा खेळ नव्हे.

आता मुख्य अडचण. मानवी डोळ्याचा वर्णप्रतिसाद १९३१ साली आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने प्रमाणित केला. एक्स, वाय, झेड या तीन राशींनी कोणताही रंग सांगता येतो, तो या प्रमाणाच्या आधारे. स्कॅनरही प्रत्येक बिंदूसाठी तीनच संख्या देतो; परंतु त्याचे तीन गाळण डोळ्याच्या प्रतिसादाशी जुळणारे नसतात. काही फिल्म-स्कॅनरांत, उदाहरणार्थ निकॉनच्या कूलस्कॅन मालिकेत, प्रकाशस्रोत म्हणून तांबडे, हिरवे व निळे प्रकाश-उत्सर्जक डायोड वापरलेले आहेत. त्यांचा प्रकाश वर्णपटाच्या अरुंद पट्ट्यांत सामावलेला असतो. असा स्कॅनर काटेकोरपणे बोलायचे तर रंग पाहतच नाही. तीन ठिकाणी फिल्मची घनता किती, एवढेच तो मोजतो. हे रंजक किती आहे त्याचे माप झाले, ते डोळ्यास कसे दिसते त्याचे नव्हे. त्यामुळे डोळ्यास अगदी एकसारखे दिसणारे दोन तपकिरी रंग, ते दोन निराळ्या कंपन्यांच्या रंजकांनी बनलेले असतील तर, स्कॅनरला वेगळे दिसतात. उलट स्कॅनरला एकसारखे भासणारे दोन रंग डोळ्यास भिन्न दिसू शकतात.

सुदैवाने पारदर्शिकेत कितीही रंग असले तरी ते सर्व तीनच रंजकांच्या मिश्रणाने झालेले असतात. म्हणून एका विशिष्ट फिल्मपुरते पाहिले तर स्कॅनरच्या तीन संख्या आणि डोळ्याच्या तीन राशी यांच्यात निश्चित नाते असते. हे नाते शोधून काढणे व ते कोष्टकाच्या रूपाने नोंदून ठेवणे, यालाच स्कॅनरचे वर्ण-अंशशोधन म्हणतात. आणि म्हणूनच 'स्कॅनरचे अंशशोधन' हा शब्दप्रयोग काहीसा फसवा आहे. अंशशोधन होते ते स्कॅनर व फिल्म या जोडीचे. फिल्म बदलली की नाते बदलते.

नाते शोधण्याचे साधन म्हणजे मानक वर्णपट्टिका. तिचा आराखडा अमेरिकेत आयटी ८·७/१ या नावाने १९९३ साली ठरला, आणि १९९७ साली तो आयएसओ १२६४१ या आंतरराष्ट्रीय मानकात आला. प्रत्यक्ष पारदर्शिकेच्या फिल्मवरच ही पट्टिका छापलेली असते. तीत बारा ओळी व बावीस स्तंभ मिळून २६४ चौकोन आणि खाली करड्या रंगाच्या २४ पायऱ्या असतात. पहिल्या बारा स्तंभांत बारा वर्णच्छटा, प्रत्येकीच्या तीन उजळता आणि प्रत्येक उजळतेस संपृक्ततेच्या चार पायऱ्या अशी मांडणी आहे. पुढील सात स्तंभांत एकेक रंजक, त्यांची दुहेरी मिश्रणे व करडा रंग यांच्या चढत्या श्रेणी असतात. शेवटचे तीन स्तंभ निर्मात्याच्या मर्जीवर सोडलेले आहेत. पट्टिकेसोबत प्रत्येक चौकोनाची वर्णमापकाने मोजलेली मूल्ये मिळतात. स्वस्त पट्टिकांत ती त्या घाण्याची सरासरी असते. थोडी अधिक किंमत देऊन त्याच पट्टिकेची स्वतंत्र मोजणी मिळते. संशोधनासाठी दुसरीच घ्यावी, यात वादाला जागा नाही.

प्रत्यक्ष कृती लांबलचक नाही, पण तीत शिस्त हवी. स्कॅनर तापून स्थिर होऊ द्यावा. आपोआप उजळता ठरविणे, आपोआप रंग सुधारणे, कडा तीक्ष्ण करणे, या साऱ्या सोयी बंद कराव्यात; कारण त्या चालू असताना यंत्र प्रत्येक पारदर्शिकेसाठी निराळे वागते, आणि जे निराळे वागते त्याचे अंशशोधन होत नाही. मग पट्टिकेची प्रतिमा १६ बिटांत, सरळ प्रमाणात घ्यावी. त्यानंतर आर्गिलसारखी विनामूल्य आज्ञावलीही प्रत्येक चौकोनातील बिंदूंची सरासरी काढून ती मोजलेल्या मूल्यांशी ताडून पाहते व प्रोफाइल नावाचे कोष्टक तयार करते. या कोष्टकांचा आकृतिबंध १९९३ साली स्थापन झालेल्या आयसीसी या संघटनेने ठरविला. प्रोफाइल साध्या नऊ आकड्यांच्या सारणीचे करावे की बहुमितीय कोष्टकाचे, असा प्रश्न येतो. रंजकांचे मिश्रण वजाबाकीच्या रीतीने होत असल्यामुळे पारदर्शिकेसाठी बहुमितीय कोष्टक बहुधा अधिक जुळते. मात्र अशा कोष्टकास एक खोड आहे. ज्या चौकोनांवरून ते बनविले त्यांच्यावरच त्याची परीक्षा घेतली तर ते नेहमी उत्तम गुण मिळवते. हे विद्यार्थ्यास प्रश्नपत्रिका आधी दाखवून परीक्षा घेण्यासारखे झाले. म्हणून काही चौकोन बाजूस ठेवून उरलेल्यांवरून कोष्टक करावे आणि बाजूस ठेवलेल्यांवर फरक मोजावा. हा फरक 'डेल्टा ई' या एककात सांगतात. ढोबळमानाने १ एवढा फरक डोळ्यास जेमतेम कळतो. त्यातही सरासरीवर विसंबू नये. लोहमिश्रित मातीचे रंग तांबडा व पिवळा यांच्या मधल्या, कमी उजळतेच्या पट्ट्यात येतात, आणि तेथे पट्टिकेत थोडेच चौकोन आहेत. सर्व चौकोनांची सरासरी चांगली आली तरी नेमक्या या तपकिरी कोपऱ्यात चूक मोठी असू शकते. बोलचा अभ्यास करणाऱ्याने तेवढेच चौकोन वेगळे काढून पाहावेत.

फिल्म बदलली की नाते बदलते, या विधानाचा व्यवहारातील सर्वांत ठळक अनुभव कोडॅक्रोमचा आहे. ही फिल्म १९३५ साली बाजारात आली. तिचे जनक लिओपोल्ड मॅन्स व लिओपोल्ड गोडोव्स्की हे दोघे पेशाने संगीतकार होते, ही गोष्ट आजही रसायनशास्त्रज्ञांना किंचित खटकत असावी. कोडॅक्रोमची रंजके फिल्ममध्ये आधीपासून नसत, ती विकसनाच्या वेळी घातली जात. एक्टाक्रोम व नंतरच्या ई-६ पद्धतीच्या फिल्म यांची रीत निराळी आणि रंजकेही निराळी. ई-६ ची पट्टिका वापरून कोडॅक्रोमची पारदर्शिका स्कॅन केली तर चित्रावर निळसर झाक येते. कोडॅक्रोमसाठी वेगळ्या पट्टिका होत्या, परंतु फिल्मचे उत्पादन २००९ साली बंद झाले व तिचे विकसन करणारी कॅन्ससमधील शेवटची प्रयोगशाळा २०१० च्या अखेरीस या कामातून निवृत्त झाली. आता अशी पट्टिका नव्याने बनणे नाही. भारतात एके काळी पुष्कळ वापरात असलेल्या पूर्व जर्मनीच्या ऑर्वो फिल्मची गोष्ट याहून अवघड आहे. ई-६ ची पट्टिका तिला लावली तर मिळणारा रंग हा एक सुसंस्कृत अंदाज असतो, अंशशोधन नव्हे. अशा वेळी नोंदीत तसे स्वच्छ लिहावे. पारदर्शिकेच्या चौकटीवर किंवा फिल्मच्या कडेवर फिल्मचे नाव बहुधा छापलेले असते. ते स्कॅन करण्यापूर्वी टिपून ठेवण्याचा कंटाळा करू नये.

येथवर तिसरा टप्पा झाला. दुसरा टप्पा, म्हणजे काळाने झालेला रंगबदल, हा अंशशोधनाच्या कक्षेबाहेरचा आहे. अंधारात ठेवलेल्या फिल्मची रंजकेही हळूहळू विरतात, उष्णता व दमटपणा यांनी ती अधिक वेगाने विरतात, आणि तिन्ही सारख्या वेगाने विरत नाहीत. जुन्या अनेक फिल्ममध्ये तांबडा प्रकाश शोषणारे रंजक आधी जाते व चित्र तांबूस होते. हेन्री विल्हेल्म यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात या विषयाचा फार विस्तृत विचार केला आहे. कोडॅक्रोम अंधारात अत्यंत टिकाऊ, पण प्रक्षेपकाच्या प्रकाशात दुबळी, हा त्यातील एक सर्वज्ञात निष्कर्ष. भोर-वेल्ह्यासारख्या अतिवृष्टीच्या प्रदेशात चार महिने दमट हवेत राहिलेल्या पेट्यांत याखेरीज बुरशीचा उपद्रव असतो. बुरशी फिल्मवरील जिलेटिनच खाते, आणि तिने पोखरलेले जिलेटिन पाण्यात विरघळू शकते, म्हणून अशी पारदर्शिका पाण्याने पुसू नये.

तांबूस झालेल्या पारदर्शिकेत बोलचा थर अधिक तांबडा दिसणार, हे उघड आहे. पण अचूक अंशशोधन झालेला स्कॅनरही तो अधिक तांबडाच दाखवील, आणि तसे दाखविणे हेच त्याचे कर्तव्य आहे. मूळ रंगाकडे जाण्यासाठी निराळे गणित लागते. समजा, एका रंजकाचा पाचवा भाग विरला. मग ज्या ठिकाणी मूळ घनता २ होती तेथे ती १·६ झाली, आणि जेथे ०·५ होती तेथे ०·४ झाली. आता छायाचित्रकाराच्या सवयीप्रमाणे सर्व चित्रास सरसकट ०·४ ची भर घातली, तर गडद भाग दुरुस्त होतो आणि उजळ भाग बिघडतो. घनतेस गुणावे लागते, तीत मिळवून भागत नाही. गुणक किती घ्यावा, यासाठी पारदर्शिकेच्या चौकटीखाली झाकलेली कड उपयोगी पडते. तेथे प्रकाश कधीच न लागल्यामुळे तिन्ही रंजके मुळात कमाल प्रमाणात व काळ्या रंगाची असतात. आज ती कड तपकिरी दिसत असेल, तर तिच्या घनतांवरून कोणते रंजक किती गेले याचा अदमास निघतो. ढगांच्या पांढऱ्या रंगावरून असा अदमास काढण्याचा मोह होतो, पण पांढऱ्या भागात रंजकच जवळजवळ नसते. जे नाही त्याच्या ऱ्हासाची साक्ष ते काय देणार? कडेच्या साक्षीलाही मर्यादा आहे. चौकटीने झाकली गेल्याने प्रक्षेपकाच्या प्रकाशाने झालेली हानी तिच्यावर उमटत नाही. वर्गात वारंवार दाखविलेल्या पारदर्शिकेच्या बाबतीत ही कड ऱ्हास प्रत्यक्षाहून कमी सांगते, आणि दुर्दैवाने सर्वांत चांगल्या पारदर्शिकाच वर्गात सर्वांत जास्त दाखविल्या गेलेल्या असतात.

या दुरुस्त्या मूळ प्रतिमेवर करू नयेत. सरळ प्रमाणातील १६ बिटांची कच्ची प्रतिमा, त्याच दिवशी घेतलेली पट्टिकेची प्रतिमा आणि प्रोफाइल हे त्रिकूट एकत्र ठेवावे. ऱ्हास दुरुस्त केलेली प्रतिमा वेगळ्या नावाने ठेवावी व तीत वापरलेले गुणक नोंदवावेत. पट्टिका हीदेखील फिल्मच आहे आणि तीही विरते, हे लक्षात घेऊन ती थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवावी व तिचे वय लिहून ठेवावे.

उरला पहिला टप्पा. पारदर्शिकेची फिल्म अंधाऱ्या खोलीत पडद्यावर पाहण्यासाठी बनविलेली असल्यामुळे तिचा तीव्रभेद निसर्गाच्या दीडपट किंवा अधिक राखलेला असतो, आणि त्याबरोबर संपृक्तताही वाढते. ती सुमारे ५५०० केल्विनच्या दिवसाच्या प्रकाशास अनुरूप असते. आषाढातील ढगाळ आकाशाखाली घेतलेले चित्र त्यामुळे निळसर होते, सायंकाळचे तांबूस. शिवाय माती ओली झाली की गडद होते. म्हणूनच मृदाशास्त्रज्ञ मन्सेलच्या वर्णतक्त्याने रंग नोंदविताना माती कोरडी की ओली हे सांगितल्यावाचून राहत नाहीत. पारदर्शिका ते सांगत नाही. रायरेश्वराची एक माती जूनमध्ये व तीच जानेवारीत टिपली तर दोन मातींचा भास होणे शक्य आहे, आणि सातांपैकी किती रंग या रीतीने वाढले असतील, हा प्रश्न चेष्टेचा नाही.

मग पारदर्शिकेवरून मन्सेलचा आकडा काढता येतो काय? स्वतंत्र आधारावाचून येत नाही. एका चौकटीतील दोन थरांची तुलना मात्र बऱ्याच विश्वासाने करता येते, कारण प्रकाश, फिल्म आणि ऱ्हास ही तिन्ही दोघांना समान असतात. थराची सीमा कोठे, तो एकसंध आहे की वरून खाली रंग पालटत जातो, हे सांगता येते. आणि वरंध्यासारख्या रस्त्याच्या कापात तोच थर आजही उघडा असेल, तर स्वतंत्र आधारही मिळतो : कोरड्या ऋतूत, भर दुपारी, तेथे जाऊन ताजा खडक फोडून मन्सेलच्या तक्त्याशी ताडावा, आणि त्या एका ज्ञात बिंदूवर त्याच फिल्मची, त्याच दिवसाची इतर चित्रे बांधून घ्यावीत. जुन्या फिल्म-गुंडाळीतील क्रमांक येथे अमोल ठरतात. निरेच्या बुडालेल्या तळाचे चित्र आणि घाटमाथ्याचे चित्र एकाच गुंडाळीत, लागोपाठच्या क्रमांकांवर असेल, तर माथ्यावरील खडक तळाच्या मातीची ग्वाही काही अंशी देऊ शकतो. पाणी ओसरल्यावर तळावरच जाऊन मोजावे, असे कोणी सुचवील. भाटघर धरणाच्या जलाशयातून उन्हाळ्यात वर येणारे वेळवंडचे कांबरेश्वर मंदिर पाहिलेल्यास त्यातील अडचण सांगावी लागणार नाही. दरवर्षी पाण्याखाली राहिलेल्या पृष्ठभागावर गाळाचे लेपन चढते, आणि वर्णमापक तेथे मोजील तो रंग गाळाचा.